जाऊन परत येणारी अक्षरं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या आमच्या ऑफिसकडे तैवानमधल्या एका कंपनीचं काम आलं होतं. कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते. तिच्या कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची यादी एका जुनाट सर्व्हरवर पडून होती, ती नव्या सिस्टिममध्ये आणायची होती. काम कंटाळवाणं, म्हणून ते टीममधल्या सगळ्यात ज्युनियर माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. जुन्या फायली ‘बिग-फाइव्ह’ नावाच्या एन्कोडिंगमध्ये होत्या आणि नव्या सिस्टिमला युनिकोड हवं होतं. मी पायथनमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली.

पहिल्यांदा चालवली तेव्हा ती एका ओळीवर अडली. हे बाइट मला ओळखता येत नाहीत, अशी तिची तक्रार होती. मी नेटवर शोधलं आणि सापडलेला उपाय लावला. उपाय एका शब्दाचा होता, ‘रिप्लेस’. म्हणजे ओळखू आलं नाही तर तिथे एक खूण टाक आणि पुढे चल. मग स्क्रिप्ट सुरळीत चालली. ओळींची संख्या जुळली. मी चहा प्यायला गेले.

तीन आठवड्यांनी तिकडच्या टीममधल्या एका सहकारी बाईंचा मेसेज आला. निवृत्तांना गेलेल्या पत्रांवर काही नावांमध्ये काळ्या शंकरपाळ्यात पांढरं प्रश्नचिन्ह छापून गेलं होतं. अशी खूण तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. त्यांनी अगदी सौम्य शब्दांत लिहिलं होतं की यातलं एक नाव माझ्या वडिलांचं आहे, त्यांची सगळी नोकरी याच कंपनीत झाली, त्यांच्या नावातलं शेवटचं अक्षर शोधता येईल का?

ते शोधताना मी जे वाचलं, त्यातून हा लेख झाला.

कट्ट-कडकट्टची अडचण

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आपण हे शिकतो आणि विसरतो, कारण इंग्रजीपुरतं सगळं आधीच ठरलेलं असतं. कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, ‘बी’ म्हणजे ६६. हे कोणी ठरवलं, असा प्रश्नही पडत नाही. चिनी लिपीपुढे मात्र हा प्रश्न कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी उभा राहिला होता.

१८७१ मध्ये डेन्मार्कच्या ग्रेट नॉर्दर्न टेलिग्राफ कंपनीची समुद्राखालची तार शांघायला पोचली. मोर्सची कट्ट-कडकट्ट भाषा सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे यांच्यासाठी बनलेली. चिनी अक्षरं हजारोंनी. प्रत्येकासाठी वेगळी कट्ट-कडकट्ट कुठून आणणार? तेव्हा विगिए नावाच्या, शांघायच्या कस्टम्स खात्यातल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने १८७२ मध्ये एक कोश छापला. त्यात सुमारे ६,८०० अक्षरं होती आणि प्रत्येकाला चार आकडी नंबर दिला होता. पाठवणाऱ्या तारबाबूने कोशात अक्षर शोधून नंबर पाठवायचा. घेणाऱ्याने तोच कोश उघडून नंबरावरून अक्षर काढायचं.

दोन्ही टोकांना कोश एकच असेल तर अक्षर सुखरूप पोचतं. एका टोकाचा कोश बदलला तर भलतंच अक्षर उतरतं. आणि ज्या अक्षराला कोशात नंबरच नाही, ते तारेवर चढूच शकत नाही. पुढच्या दीडशे वर्षांतला सगळा गोंधळ या तीन वाक्यांत आला. हाँगकाँगच्या ओळखपत्रावर चिनी नावाबरोबर हे तारेचे चार आकडी नंबर अजूनही छापलेले असतात.

दोन कोश, दोन राजधान्या

कॉम्प्युटर आल्यावर चीनने १९८० मध्ये राष्ट्रीय मानक ठरवलं, ‘जीबी २३१२’. त्याची रचना मला फार आवडते. ९४ ओळी आणि ९४ रकाने असलेला चौकोनी तक्ता. इंग्रजी कीबोर्डवरून छापता येणारी चिन्हं ९४ असतात, त्यावरून हा आकडा आला. प्रत्येक अक्षराचे दोन बाइट, एक ओळीचा आणि एक रकान्याचा, थिएटरातल्या सीट नंबरासारखे. ६,७६३ चिनी अक्षरं या तक्त्यात बसवली. त्यातली रोजच्या वापरातली ३,७५५ उच्चारानुसार लावली आणि उरलेली ३,००८ अक्षराच्या घटकांनुसार. ही सगळी सोपी केलेली अक्षरं होती, कारण १९५६ पासून चीनने बऱ्याच अक्षरांतल्या रेघा कमी केल्या होत्या.

तैवानने ते सोपीकरण मान्य केलेलं नव्हतं. १९८४ मध्ये तिथे ‘बिग-फाइव्ह’ आलं. त्यात जुन्या, भरगच्च रूपांतली १३,०५३ अक्षरं होती, रेघांच्या संख्येनुसार लावलेली. एका तक्त्यात उच्चाराचा क्रम, दुसऱ्यात रेघांचा. त्यामुळे एकातल्या नंबरात अमुक मिळवला की दुसऱ्यातला नंबर येतो, असं कोणतंही सूत्र निघत नाही. एकेक अक्षर घेऊन पूर्ण यादी करण्यावाचून गत्यंतर नाही.

यादी केली तरी सुटका नाही. चीनने सोपीकरणात काही वेगवेगळी अक्षरं एकत्र केली. ‘निघणं, पाठवणं’ या अर्थाचं ‘फा’ आणि ‘केस’ या अर्थाचं ‘फा’ ही तैवानात दोन अक्षरं आहेत, चीनमध्ये त्यांचं एकच झालं. तैवानहून चीनकडे जाणं सोपं, दोन्हींच्या जागी एक टाकायचं. परत येताना यंत्राला कसं कळणार की हा ‘फा’ पत्र पाठवणारा आहे की डोक्यावरचा? शेजारचे शब्द वाचून ठरवावं लागतं. तसं न करणाऱ्या सॉफ्टवेअरने केस कापायच्या दुकानाचा संबंध रवानगीशी जोडला, तर त्यात नवल नाही.

बिग-फाइव्हची स्वतःची एक खोडही होती. त्याच्या काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका उलट्या तिरक्या रेघेचा, म्हणजे बॅकस्लॅशचा असतो. ज्यांनी सी भाषेत दोन ओळी लिहिल्या असतील त्यांना पुढचं कळलंच असेल. बॅकस्लॅश दिसला की प्रोग्रॅम त्याला हुकूम समजतो आणि गिळून टाकतो. मग अर्धं अक्षर उरतं आणि पुढची ओळ विस्कटते. ‘श्यू’ हे नेहमीचं आडनाव, कुंग-फूतला ‘कुंग’ आणि ‘झाकण’ या अर्थाचं ‘गाय’ ही यातली गाजलेली तीन अक्षरं. तैवानचे प्रोग्रॅमर या बगला ‘श्यू-कुंग-गाय’ असंच म्हणत, जणू तो कुणी माणूस असावा.

खुन-चिन-खाओ

चुकीच्या कोशाने वाचल्यावर जो काला होतो, त्याला चिनी भाषेत ‘ल्वानमा’ म्हणतात, म्हणजे गोंधळलेले नंबर. चीनमध्ये इंटरनेट वापरत मोठी झालेली पिढी यातले काही काले तोंडपाठ म्हणून दाखवते.

सगळ्यात प्रसिद्ध ‘खुन-चिन-खाओ’. आपल्याला ही मोडक्या हिंदीतली धमकी वाटेल. चिनीत ती तीन सुटी अक्षरं आहेत आणि एकत्र त्यांना काही अर्थ नाही. ती येतात कुठून? माझ्या त्या शंकरपाळ्यातून. युनिकोडमध्ये न ओळखलेल्या अक्षराच्या जागी जी खूण पडते, तिचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात. अशा दोन खुणा शेजारी आल्या की सहा बाइट. तीच फाइल कुणी चीनच्या जुन्या कोशाने उघडली की दोन-दोन बाइटांचं एक अक्षर धरून तीन अक्षरं दिसतात, खुन, चिन, खाओ. जिथे कुणाचं तरी अक्षर कायमचं गेलं, तिथे हे तीन शब्द उगवतात. त्याचे चीनमध्ये विनोद झाले, टी-शर्ट निघाले.

दुसरा ‘थांग-थांग-थांग’. मायक्रोसॉफ्टचा सी++ कंपायलर डीबग करताना मेमरीतली न वापरलेली जागा एका ठरावीक बाइटने भरून ठेवतो. त्या बाइटची जोडी चीनच्या कोशात ‘थांग’ हे अक्षर होते आणि त्याचा अर्थ ‘चटका बसेल इतकं गरम’. प्रोग्रॅम चुकला की स्क्रीनभर ‘गरम, गरम, गरम’. चिनी विद्यार्थी म्हणतात, कॉम्प्युटर तापला.

तिसरा किस्सा विंडोजच्या नोटपॅडचा. त्यात ‘ल्येन-थुंग’ एवढाच शब्द लिहून फाइल साठवली आणि परत उघडली की शब्द गायब. हे चीनच्या ‘युनिकॉम’ या मोबाइल कंपनीचं नाव आहे. चीनच्या कोशातले त्याचे चार बाइट योगायोगाने यूटीएफ-८ च्या साच्यात चपखल बसतात. नोटपॅड अंदाजाने कोश निवडायचं आणि इथे फसायचं. स्पर्धक कंपनीच्या नावाला काही होत नसे, त्यामुळे व्हायचे ते विनोद झाले.

हे वाचताना मी हसले. मग लक्षात आलं की या विनोदांतही दोन जाती आहेत. नोटपॅडच्या गोंधळात बाइट जसेच्या तसे असतात, योग्य कोश लावला की अक्षर परत येतं. खुन-चिन-खाओमध्ये मात्र मूळ बाइटच पुसले गेलेले असतात. मी केलं होतं ते हे दुसरं.

दुसऱ्याच्या चुका सांभाळणारा कोश

१९८८ मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या जो बेकर यांनी एक टिपण लिहिलं. जगातल्या सगळ्या चालू लिप्यांना मिळून एकच कोश हवा आणि प्रत्येक अक्षराला १६ बिट, म्हणजे एकूण ६५,५३६ जागा, पुरतील असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी त्याला नाव दिलं युनिकोड. १९९१ मध्ये युनिकोड कन्सॉर्शियम ही संस्था झाली. १९९२ मध्ये त्यात चीन, तैवान, जपान आणि कोरियाच्या मानकांमधली चिनी अक्षरं आली, एकूण २०,९०२.

आकडा बघा. चार ठिकाणच्या याद्या नुसत्या जोडल्या असत्या तर तो बराच मोठा झाला असता. म्हणून समान अक्षरं एक धरली. ‘हाड’ या अर्थाचं अक्षर चीनमध्ये छापतात तेव्हा आतला छोटा कोपरा डावीकडे असतो, जपानमध्ये उजवीकडे. युनिकोडने म्हटलं, अक्षर एकच आहे, फरक फॉन्टने दाखवावा. यावर, विशेषतः जपानमध्ये, पुष्कळ नाराजी झाली. आपल्या लिपीचं काय करायचं ते अमेरिकी कंपन्यांनी का ठरवावं, हा त्यातला सूर होता.

पण याच एकीकरणात एक पोटनियम होता. कोणत्याही मूळ मानकाने दोन अक्षरांना वेगवेगळे नंबर दिले असतील, तर युनिकोडही त्यांना वेगळेच नंबर देईल, मग ती कितीही सारखी दिसोत. ‘दार’ या अर्थाच्या अक्षराची तीन रूपं आहेत, फरक फक्त वरच्या एका रेघेचा. युनिकोडमध्ये तिन्हींना आपापला नंबर आहे.

असं का? जुन्या कोशातून युनिकोडमध्ये गेलेली फाइल परत जुन्या कोशात आणली तर ती तंतोतंत पूर्वीसारखी निघाली पाहिजे, एक बाइटही न बदलता. इंग्रजीत याला राउंड ट्रिप म्हणतात. मला आपला ‘गेलेला परत येऊ दे’ असा निरोप जास्त जवळचा वाटतो. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं, तसं.

या वचनापायी युनिकोडने काय काय पोटात घेतलं! कोरियाच्या मानकात एका अक्षराचे दोन-तीन उच्चार असले तर त्याला तितके नंबर दिलेले होते. ‘संगीत’ आणि ‘आनंद’ असे दोन्ही अर्थ असलेल्या एका अक्षराला तिथे चार नंबर होते. अशी २६८ जादा अक्षरं युनिकोडने वेगळा कप्पा करून ठेवली. बिग-फाइव्ह बनवताना तर चक्क चुकून दोन अक्षरं दोनदा नोंदली गेली होती. तैवानच्या त्या चुकीलाही युनिकोडमध्ये कायमचे दोन नंबर आहेत. ते काढून टाकले असते तर कोश स्वच्छ झाला असता. पण मग बिग-फाइव्हमधून आलेली एखादी फाइल परत जाताना बदलली असती.

मी इंजिनिअर आहे, मला नीटनेटका कोड आवडतो. आधी मला हा गचाळपणा वाटला. आता वाटतं, युनिकोड टिकलं ते याच्याच जोरावर. परतीचं तिकीट हातात असल्याशिवाय कोणती बँक किंवा कोणतं सरकार आपली वर्षानुवर्षांची कागदपत्रं परक्या कोशात टाकेल? चीननेही २००० साली नवं मानक आणलं, ‘जीबी १८०३०’, तेव्हा ते असं रचलं की जुनं सगळं जागच्या जागी राहील आणि युनिकोडच्या प्रत्येक नंबरालाही त्यात घर मिळेल. म्हणजे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, दोन्हीकडे वाट मोकळी. चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला ते सक्तीचं केलं गेलं.

पंतप्रधानांच्या नावातला धातू

मानक ठरवणारे शब्द मोजतात. पण कोशाबाहेर सगळ्यात जास्त राहतात ती नावं. आईवडील मुलाचं नाव ठेवताना वापराच्या यादीत बघत नाहीत, उलट दुर्मीळ अक्षर शोधतात.

झू रोंगजी १९९८ मध्ये चीनचे पंतप्रधान झाले. त्यांच्या नावातल्या ‘रोंग’ अक्षरात डावीकडे धातूची खूण आहे. जीबी २३१२ च्या ६,७६३ अक्षरांत ते नव्हतं. कुणी धातूऐवजी अग्नीची खूण असलेलं जवळचं अक्षर वापरायचं, कुणी कंसात दोन तुकडे शेजारी ठेवायचं. देशाच्या पंतप्रधानाचं नाव देशाच्या मानकात टाइप होत नव्हतं. तैवानात २००२ मध्ये यू शी-कुन पंतप्रधान झाले, तर त्यांच्या नावातलं ‘कुन’ बिग-फाइव्हमध्ये नाही. त्या अक्षरात वर शेजारी-शेजारी दोन ‘फांग’ आणि खाली ‘थू’ म्हणजे माती, म्हणून लोक ‘फांग-फांग-थू’ असं लिहून मोकळे होत. गायक डेव्हिड ताओ यांच्या नावातलं ‘ज’ म्हणजे शेजारी-शेजारी दोन ‘जी’. तेही कोशात नव्हतं, म्हणून चाहत्यांनी त्यांना ‘ताओ जी-जी’च करून टाकलं.

मोठ्या माणसांचं निभावलं. साध्या माणसांसाठी तैवानच्या ऑफिसांनी वेगळी युक्ती काढली होती. बिग-फाइव्हमध्ये काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या. तिथे आपलं अक्षर आपण घडवायचं, ठिपक्या-ठिपक्याने काढायचं आणि त्या जागेचा नंबर त्याला द्यायचा. विंडोजमध्ये त्यासाठी छोटं टूलही आहे. मात्र हे अक्षर त्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांपुरतंच. शेजारच्या ऑफिसात त्याच नंबरावर दुसऱ्याच कुणाचं अक्षर असू शकतं.

आता माझ्या स्क्रिप्टला न ओळखलेले बाइट कोणते होते ते कळलं असेल. ती हाताने घडवलेली अक्षरं होती. त्या बाईंच्या वडिलांच्या नावात यू शी-कुन यांचंच ‘कुन’ होतं, फांग-फांग-थू. युनिकोडमध्ये ते १९९२ पासून आहे. ज्या अक्षराला नव्या घरात जागा तयार होती, त्याला मी वाटेत सोडून आले होते.

युनिकोडच्याही जागा पुढे कमी पडल्या. ६५,५३६ पुरणार नाहीत हे दिसल्यावर १९९६ मध्ये कोश वाढवला आणि २००१ मध्ये एका दमात ४२,७११ दुर्मीळ चिनी अक्षरं त्यात आली. २०२३ मध्ये चिनी अक्षरांचा आकडा ९७ हजारांच्या पुढे होता. पण ही नवी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये चार बाइट घेतात आणि अनेक वर्षं कितीतरी डेटाबेस तीनच बाइट धरून बसले होते. मग २०१० मध्ये युनिकोडमध्ये इमोजी आले. तेही चार बाइटांचे. कुणाच्या आजोबांच्या नावातलं अक्षर उमटत नाही म्हणून जे काम रेंगाळलं होतं, ते हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा उमटत नाही म्हटल्यावर भराभर झालं. पुढच्या वेळी तो चेहरा पाठवाल तेव्हा हे आठवा.

घरची सीडी

हे सगळं परक्याचं म्हणून मी वाचत होते, आणि एका रविवारी आईने कपाटातून एक सीडी काढली. नव्वदच्या दशकात ती डीटीपीची कामं घ्यायची. लग्नपत्रिका, स्मरणिका, एक-दोन दिवाळी अंक. सीडीतली फाइल उघडली तर रोमन अक्षरांचा भुगा. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच नंबरांवर आपली चित्रं बसवत. ‘क’ कुठे बसवायचा हे प्रत्येक फॉन्ट कंपनी आपापलं ठरवी. सरकारचं ‘इस्की’ हे मानक होतं, युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्यावरूनच आली, पण छपाईच्या दुकानांत राज्य फॉन्टांचं होतं. आपल्या ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून यायलाही २००८ उजाडलं. आईची फाइल वाचायला तोच फॉन्ट हवा किंवा त्याचा तक्ता. दोन्ही आमच्याकडे नव्हते.

आई म्हणाली, “अगं, राहू दे. छापलेला अंक आहे की माळ्यावर.”

तैवानमध्येही अखेर कागदच कामी आला. बॅकअपमधून मूळ बाइट मिळाले, म्हणजे कोणत्या नावात घडवलेल्या अक्षराचा कोणता नंबर होता ते समजलं. पण त्या नंबराचं चित्र जुन्या कॉम्प्युटरांत होतं आणि ते केव्हाच भंगारात गेले होते. बाईंनी ऑफिसात विचारपूस केली. एका जुन्या कारकुनाच्या खणात वही सापडली. डावीकडे नंबर, मध्ये हाताने काढलेलं अक्षर, उजवीकडे ते ज्याच्यासाठी घडवलं त्याचं नाव. त्यांनी पानांचे फोटो पाठवले. मी दोन दिवस बसून एकेक अक्षर युनिकोडमध्ये शोधलं. जिथे शंका आली तिथे त्यांना विचारलं, आणि तक्ता केला. त्रेचाळीस ओळींचा.

मग स्क्रिप्टमधला ‘रिप्लेस’ हा शब्द खोडला. आता अनोळखी बाइट दिसला की ती थांबते आणि कोणत्या ओळीवर थांबली ते सांगते. सगळं युनिकोडमध्ये नेलं, परत बिग-फाइव्हमध्ये आणलं आणि मूळ फाइलशी बाइट-बाइट ताडून पाहिलं. फरक शून्य.

निवृत्तांना नवी पत्रं गेली. बाईंनी फोटो पाठवला. जेवणाच्या टेबलावर पत्र आणि त्याच्या कडेला एक म्हातारं बोट, नावातल्या शेवटच्या अक्षरावर टेकवलेलं. वर दोन फांग, खाली माती.